मागच्या चाकाजवळचा बाण

स्कूटर विकून तीन आठवडे झाले होते, तरी रोज सकाळी पावणेनऊला प्रबुद्धचे कान तिच्याच वाटेकडे लागायचे. विद्यानगरच्या बाजूनं ती नल्लकुंट्यात शिरली, की प्रबुद्धच्या गल्लीच्या तोंडाशी दोनदा हॉर्न वाजायचा. पुढे उभी असलेली सहा वर्षांची पिंकी तो वाजवायची. "अगं, आधी समोर बघ!" हा मागून तिच्या आईचा, रूपालीताईचा आवाज. प्रबुद्धची आई सखूबाई खिडकीतून हात हलवायची. प्रबुद्ध नेमका तेव्हाच बुटाची लेस बांधायला खाली वाकायचा.

ती स्कूटर म्हणजे शंभर सीसीचं राखाडी धूड. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला त्यानं ती घेतली, तेव्हाच दोन मालक तिला कंटाळून झाले होते. पुढची सात वर्षं त्यानं तिच्यावर परका हात पडू दिला नाही. प्लग घासणं, फिल्टर झटकणं, ऑइल बदलणं सगळं स्वतः. पेट्रोलचा काटा कायमचा अर्ध्यावर अडकलेला. गाडी हलवून टाकीतल्या डुचमळण्यावरून तो अंदाज घ्यायचा आणि तो कधी चुकला नाही. चेर्लापल्लीच्या पंपांच्या कारखान्यात तो तपासनीस होता. दोष असलेल्या भागाला लाल पट्टी बांधून बाजूला काढायचं, हे त्याचं काम. रविवारी विहारात वंदना आटोपली, की बाहेर लोक गाड्या घेऊन थांबायचे. "आला आपला इंजिनियर," म्हणत कोणी ब्रेक दाखवायचं, कोणी सैल आरसा. मराठवाड्यातून येऊन इथं स्थिरावलेल्या त्या घरांत यंत्राचं शिक्षण घेतलेला तो पहिलाच. त्याला ते आवडायचं. जरा जास्तच आवडायचं.

प्रबुद्धचं नवी मोटारसायकल घ्यायचं ठरलं तेव्हा रूपालीताईनं त्याला विहाराच्या दारातच गाठलं. ती राहायची तारनाक्याला, नर्स होती नल्लकुंट्याच्या एका दवाखान्यात, आणि पिंकीची शाळा दवाखान्याच्या मागेच. दोन बस बदलून मायलेकी रोज दमून जायच्या.

"तुझी गाडी दुसऱ्या कोणाला देऊ नकोस," ती म्हणाली. "तुझ्या हातची आहे म्हणजे मी डोळे झाकून घेते."

"डोळे झाकून घ्या ताई, चालवताना तेवढे उघडे ठेवा," प्रबुद्ध म्हणाला, आणि सगळे हसले.

रविवारी गाडी द्यायची होती. शनिवारी संध्याकाळी धुताना त्यानं मागचा ब्रेक दाबला, तर लिव्हर पार मुठीला टेकली. त्यानं नट आवळायला घेतला. आटे संपले होते. मागच्या चाकाच्या आत दोन ब्रेकशू असतात. ब्रेक दाबला की ते फाकतात, चाकाला घासतात आणि गाडी थांबते. ते झिजले की बाहेरचा एक छोटा बाण सरकत सरकत एका खुणेपाशी येतो. बाण खुणेला टेकला, याचा अर्थ शू संपले. तो टेकलाच होता.

शू बदलायचे तर चाक काढायला हवं, आणि चाक काढायचं तर आधी सायलेन्सर. सायलेन्सरचा बोल्ट गंजून लाल झालेला. तो तुटला असता तर रविवारी गाडी देता आली नसती, आणि साऱ्या विहारासमोर इंजिनियरचा शब्द गेला असता. प्रबुद्ध थोडा वेळ पाना हातात धरून बसला. मग त्यानं चाकाजवळचा, दात्यांवर बसणारा ब्रेकचा दांडा काढला, एक दाता मागे फिरवून परत बसवला. दहा मिनिटांचं काम. लिव्हर कडक झाली. शू होते तेवढेच राहिले. आठ दिवसांत गाडी बोलावून बदलून देऊ, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

"ब्रेक?" दुसऱ्या दिवशी रूपालीताईनं विचारलं.

"एकदम टाइट, ताई."

आठ दिवस गेले, पंधरा गेले. बोलावू म्हटलं तर काय सांगून बोलवायचं? रूपालीताई मात्र सगळ्यांना सांगत होती, "मी मेकॅनिककडे जातच नाही. काही झालं तर आपला प्रबुद्ध आहे." हे ऐकल्यावर त्याची झोप उडाली. दुसऱ्या कोणी गाडी उघडली असती, तर निदान कळलं तरी असतं.

तिसऱ्या रविवारी विहारात मायलेकी बसनं आल्या. पिंकीच्या हनुवटीवर पांढरी पट्टी होती.

"मामा, आम्ही पडलो!" पिंकीनं मोठ्या दिमाखात सांगितलं. "अडिकमेटच्या पुलावरून उतरताना! दोन टाके!"

"माझंच चुकलं," रूपालीताई हळू म्हणाली. "पुढे ऑटो थांबला. ब्रेक उशिरा दाबला असणार मी. या वयात शिकायला निघाले ना."

वंदना सुरू झाली. पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या त्या ओळीला, प्रबुद्धचे ओठ नुसतेच हलले. शेजारी आई बसली होती. तिनं एकदा वळून पाहिलं.

त्याच दुपारी तो तारनाक्याला गेला. "सर्व्हिसिंगला नेतो," म्हणून गाडी घेतली आणि पुढचाच ब्रेक वापरत, कडेकडेनं ती विद्यानगरात ख्वाजाभाईच्या दुकानी आणली. ख्वाजाभाई म्हातारा मेकॅनिक. प्रबुद्धला पोरवयापासून ओळखणारा. बोल्ट सहज निघाला. थोडं तेल सोडून दोन टोले घातले, एवढंच. चाक बाहेर आलं तेव्हा शूवर लायनिंगचा, घासणारा थर नावालाही नव्हता. नुसता पत्र्यासारखा चकचकीत धातू.

ख्वाजाभाईनं दांड्यावरची खूण पाहिली. "दांडा कौन फिराया?"

प्रबुद्धनं खाली पडलेला बोल्ट उचलून पुसायला घेतला.

"तुमीच ना? हौ बोलो, हौ." त्यानं शू रद्दी कागदावर टाकले. "अनाडी आदमी करा तो मैं समजतूं. तुमना तो मालूम था, इंजिनियरसाब."

नवे शू बसले. प्रबुद्धनं अडिकमेटच्या उतारावर चार वेळा गाडी थांबवून पाहिली. संध्याकाळी ती परत नेऊन लावली आणि किल्ली पुढे केली. वाटलं, सुटलो.

रूपालीताईनं किल्ली घेतली नाही. "तूच गिऱ्हाईक बघ रे. माझ्याच्यानं नाही होत. उद्यापासून आम्ही परत बसनं."

"ताई, आता ब्रेक एकदम..."

"गाडी चांगलीच आहे. तू एवढी सांभाळलेली. मीच वाईट चालवते. रात्री डोळे मिटले की ती पोरगी रस्त्यावर दिसते मला."

प्रबुद्ध पायरीवरच बसला. गाडी दुरुस्त झाली होती आणि त्यानं काहीच सुधारलं नव्हतं. जिने इतकी वर्षं दुसऱ्यांची लेकरं सलाईन लावून जगवली, ती आता स्वतःच्या हातांवर विश्वास ठेवत नव्हती. त्यानं डिकी उघडली आणि कागदात गुंडाळलेले शू तिच्या पुढ्यात ठेवले.

"हे तुमच्या गाडीतले. मी दिली तेव्हाच संपलेले होते. मला माहीत होतं."

मग त्यानं सगळं सांगितलं. बोल्ट, दांडा, एक दाता. मध्येच त्याला वाटलं, आपण फार तांत्रिक बोलतोय, आडोसा शोधल्यासारखं. म्हणून थांबून तो म्हणाला, "तुमचं काही चुकलं नव्हतं, ताई. तुम्ही वेळेवरच दाबला ब्रेक."

रूपालीताईनं एक शू उचलून त्यावरून अंगठा फिरवला. आतून पिंकीचा पाढे म्हणण्याचा आवाज येत होता.

"ती माझ्या पुढ्यात उभी असते, प्रबुद्ध," ती म्हणाली. "हे ठाऊक होतं ना तुला?"

"हो."

"आईला सांगितलंस?"

"नाही."

"सांग." ती उठली. पदर खोचून चाकाजवळ उकिडवी बसली. "तो बाण कुठाय? दाखव."

त्यानं दाखवला. ब्रेक दाबला की कुठंवर यायला हवा, कुठं आला की धोका. तिनं स्वतः तीनदा लिव्हर दाबून पाहिली. मग हात पुढे करून किल्ली घेतली. चहाचं विचारलं नाही.

त्या संध्याकाळी प्रबुद्धनं आईला सांगितलं. सखूबाई भाकरी थापत होती. ऐकून तिचे हात थांबले. ती एवढंच म्हणाली, "तरीच तुझी लेस रोज सुटायची."

चार दिवसांनी, पिंकीचे टाके काढायच्या आदल्या सकाळी, पावणेनऊला स्कूटरचा आवाज आला. आज प्रबुद्ध लेस न बांधता गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा होता. सर्व्हिसिंग आता ख्वाजाभाईकडे लावलंय, हे त्याच्या कानावर आलं होतं. रविवारी विहाराबाहेर त्याच्याकडे किती गाड्या येतील, हेही ठाऊक नव्हतं. रूपालीताईनं वळणावर ब्रेक दाबला, गाडी लगेच हळू झाली. पिंकीचा हात हॉर्नकडे गेला. तिनं मान वर करून आईकडे पाहिलं. रूपालीताईची नजर समोर रस्त्यावर होती. तिनं अडवलं नाही.

पिंकीनं एकदाच वाजवला.