आईची निळी पैठणी आणि सात इंची ट्यूब

माझी आई दोनदा गेली. पहिल्यांदा हृदयविकारानं, दुसऱ्यांदा माझ्यामुळं.

दुसऱ्या वेळचं सांगतो.

आमचे आप्पा दौंडच्या एका व्हिडिओ हॉलमध्ये ऑपरेटर होते. हॉल बंद पडला तेव्हा मालकानं तिथला प्रोजेक्टर त्यांनाच देऊन टाकला. (उदारपणा वगैरे काही नाही. तो उचलायला चार माणसं लागत आणि मालकाकडं तेवढी उरली नव्हती.) तेव्हापासून तो न्हावऱ्याला, आमच्या गावी, घराच्या बाहेरच्या खोलीत आहे. त्याला पुढं तीन डोळे, लाल, हिरवा आणि निळा, आणि प्रत्येक डोळ्यामागं एक पिक्चर ट्यूब. तिघींची चित्रं भिंतीवर एकावर एक नीट बसली की रंगीत सिनेमा दिसायचा.

आई गेल्यावर आप्पा त्यावर एकच कॅसेट लावायचे, माझ्या लग्नाची. आईचं हलतं-बोलतं चित्र तेवढंच आहे, तेही अर्ध्या मिनिटाचं. कॅमेरावाला समोर येतो. ती तोंडावर पदर घेते, म्हणते, "माझं कशाला काढताय, नवरीचं काढा." मग तो गेला का बघायला हळूच पदर बाजूला करते. तो गेलेला नसतो. तेव्हा ती हसते.

पण निळी ट्यूब म्हातारी झाली होती. हळदीच्या कार्यक्रमात कुणाच्या लक्षात आलं नाही, तिथं सगळं पिवळंच होतं. आईपाशी आलं की कळायचं. एके दिवशी आप्पा म्हणाले, "दत्ता, तुझी आई तुझ्या लग्नात काळं नेसली न्हवती. निळी पैठणी व्हती. मी आणलेली."

एवढंच म्हणाले. पण मी रांजणगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, आणि मेंटेनन्सच्या माणसापुढं असं काही बोलू नये.

माझी बायको सुनीता लगेच म्हणाली, "अहो, आधी कॅसेट शिरूरला नेऊन पेनड्राइव्हवर करून घ्या. मग काय खोलायचं ते खोला."

"पेनड्राइव्हवर क्वालिटी उतरते," मी म्हणालो. (हे मला कुणी सांगितलं होतं, ते आजतागायत आठवलेलं नाही.)

मग मी आठवडाभर मोबाइलवर पिक्चर ट्यूबचा अभ्यास केला. सात इंची, आठ इंची, नऊ इंची. काही ट्यूबमध्ये चित्र धारदार करायची सोय आतच असते, काहींना त्यासाठी बाहेरून चुंबकाचं कॉइल बसवावं लागतं. चुंबकवाली जास्त सुबक, नऊ इंची जास्त तेजस्वी, असं ठरवून मी आप्पांना समजावून सांगितलं.

आप्पांनी ऐकून घेतलं. "आपली सात इंची हाय. बिनकॉइलची. तशीच आन."

"पण आप्पा, ती चांगली आहे."

"चांगली आसंल. आपली न्हाई."

मी पुण्याच्या जुन्या बाजारातून नऊ इंची, चुंबकवाली आणली. ती खाचेत बसेना. बसली असती तरी तिच्या कॉइलला लागणारी वीज आमच्या मशीनमध्ये नव्हतीच. हे कळेपर्यंत मी जुनी ट्यूब काढून ठेवली होती, आणि नवी फिरवून बघताना माझं कोपर त्या जुनीला लागलं. तिची मान मोडली. काचेपुढं तिला थंड ठेवणारं गोडसर पाणी भरलेलं असतं, ते सगळं सतरंजीवर सांडलं. आता जी काय थोडीफार निळी होती, तीही गेली.

आप्पा म्हणाले, "दौंडला बागवानमामा हाय का बघ."

बागवानमामा म्हणजे आप्पांच्या वेळचे मेकॅनिक. त्यांच्या माळ्यावर दुसऱ्या एका हॉलची ट्यूब निघाली. सात इंची, बिनकॉइलची, निळी. "वापरलेली हाय," ते म्हणाले. "त्वांडावर जरा डाग हाय, पर आप्पांच्या मशीनला हीच लागंल."

येताना सुनीतानं ती दुपट्यात गुंडाळून मोटारसायकलवर मांडीशी धरली. वाटेत चहाला थांबलो तर शेजारच्या बाकावरच्या आजीबाईंनी वाकून विचारलं, "मुलगा का मुलगी?"

"ट्यूब हाय," सुनीता म्हणाली.

आजीबाईंनी एकदा तिच्या पांढऱ्या केसांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. "आसू दे," त्या म्हणाल्या. "देवानं दिलं त्ये आपलं."

रविवारी दुपारी खिडक्यांना गोधड्या लावून मी ट्यूब बसवली आणि कॅसेट लावली. भिंतीवर तीन आया उभ्या राहिल्या. एक तांबडी, एक हिरवी, एक निळी, एकमेकींपासून हातभर लांब. आप्पा म्हणाले, "मशीनमधली उभ्या-आडव्या रेघांची जाळी लाव आन् तिच्यावर जुळव."

"चेहऱ्यावर जास्त अचूक जुळतं," मी म्हणालो, आणि आईवर कॅसेट थांबवून स्क्रू फिरवू लागलो.

"अहो, थांबवून ठेवलं की टेप घासती," सुनीता म्हणाली.

"दोन मिनिटं."

तासभर लागला. तिघी सरकत सरकत एकमेकींत शिरल्या, आणि पैठणी निळी झाली. आप्पा खुर्चीत पुढं सरकले. आणि तेव्हा तो डाग दिसला. त्या हॉलमध्ये खेळ नसताना एकच पाटी पडद्यावर असायची म्हणे. वर्षानुवर्षं लावून तिची अक्षरं ट्यूबच्या काचेत जळून बसली होती. आईच्या अंगावरून आडवं, पिवळट अक्षरांत लिहिलेलं होतं: 'कृपया शांतता राखा.'

मला हसावं का रडावं कळेना. आप्पा शांत बसले होते. पाटीचं म्हणणं त्यांच्याइतकं आजवर कुणी ऐकलं नसेल.

"लाव म्होरं," ते म्हणाले.

मी प्ले दाबलं. आई म्हणाली, "माझं कशाला काढताय." तिनं पदर बाजूला करायला सुरुवात केली. व्हीसीआरमधून चर्रर्र आवाज आला आणि भिंत निळी झाली. नुसती निळी, वर ती पाटी. मी कॅसेट ओढली तर मागोमाग फूटभर चुरगळलेली टेप आली.

सुनीता खाली बसून ती टेप बोटांनी सरळ करू लागली. तिनं मला ऐकवलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी म्हणालो, "आप्पा, चुकलं माझं."

आप्पा भिंतीकडंच बघत होते. "निळीच व्हती," ते म्हणाले. "बघितली मी." मग उठून त्यांनी खिडकीची गोधडी काढली.

शिरूरच्या स्टुडिओवाल्यानं टेप जोडून पेनड्राइव्हवर उतरवून दिली. सगळं लग्न आलं आहे. आई पदर तोंडावर घेते आणि पुढच्या क्षणी माझा मेव्हणा जिलेबी खातो. आप्पा ते टीव्हीवर पाहतात. जिलेबी आली की थांबवतात, मागं नेतात, पुन्हा लावतात. मी तेव्हा गोठ्यात काहीतरी काम काढतो.

त्याच महिन्यात कंपनीत माझा सत्कार झाला. माझ्या लाइनवर महिनाभर एकही मशीन बंद पडलं नव्हतं. साहेब माइकवर म्हणाले, "दत्ताभाऊंचा हात लागला की काळजी मिटली." मी घरी सांगितलं नाही, पण व्हॉट्सअ‍ॅपवर तो व्हिडिओ गावभर फिरला. आप्पांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत ऐकला.

"चांगला माणूस दिसतोय तुझा साहेब," ते म्हणाले. "एकदा घरी चहाला बोलव त्याला. भायेरच्या खोलीत बसवू, मशीनपाशी."