कालरेषेवरचा फोटो

विशेष बी.एड.ला माझी पहिली मेथड मराठी आणि दुसरी इतिहास. इतिहास मी निवडला असं म्हटलं तर ती शुद्ध थाप होईल. बी.ए.ला तो विषय होता, म्हणून नियमाप्रमाणे तोच गळ्यात पडला. गाइडं पाठ करून मी पास झालेले, आणि आता तोच विषय कर्णबधिर मुलांना शिकवायचा होता.

कॉलेज उल्हासनगरला, घर बदलापूरला बेलवलीत आणि सराव पाठ अंबरनाथच्या एका शाळेत. पहिल्याच पाठाला मी सहावीच्या वर्गात एका राजाचं मोठं चित्र लावलं आणि खुणांच्या भाषेत त्याच्या लढाया सांगितल्या. हात दुखेपर्यंत सांगितल्या. शेवटी एका मुलीने विचारलं, हा आज येणार का? झालं, सगळा वर्ग दाराकडे बघायला लागला.

मला हसू आलं आणि लगेच स्वतःचाच राग आला. मुलांचं काही चुकलं नव्हतं. ऐकणाऱ्या पोरांच्या कानावर घरात दिवसभर "तू लहान होतीस तेव्हा", "आजोबा होते तेव्हा" असलं काहीबाही पडत असतं. या मुलांच्या घरात कुणालाच खुणा येत नाहीत. ये, जेव, झोप, एवढ्यात सगळं भागतं. समोर असतं ते बोटाने दाखवता येतं. होऊन गेलेलं दाखवायला बोट कुठे करायचं, हे ना घरच्यांना माहीत होतं, ना मला.

कॉलेजातल्या मॅडम म्हणाल्या, "ज्ञाताकडून अज्ञाताकडे चला. आधी मुलांचा स्वतःचा इतिहास घ्या, राजे नंतर." म्हणजे कालरेषा. मी उल्हासनगरच्या कॅम्प दोनच्या बाजारात दोरी आणि चिमटे घ्यायला गेले. दुकानदार म्हणाला, "कपडे सुखाने हैं तो मोटी वाली लो, मॅडम." मी म्हटलं, इतिहास टांगायचा आहे. तो शांतपणे म्हणाला, "तो पतली चलेगी."

ती दोरी महिनाभर वर्गात बांधलेली होती. डावीकडे पूर्वी, मधे आज, उजवीकडे पुढे. रोज काहीतरी लटकवायचं. कालचा डबा, उद्याची सहल, एका मुलाचा पडलेला दात. दात "पूर्वी"त गेला आणि आम्ही एक नियमच करून टाकला, की जे डावीकडे गेलं ते परत इकडे येत नाही. मुलं तो नियम खूप आवडीने पाळायची. मला वाटायला लागलं होतं की आपल्याला शिकवता येतं.

मॅडम ज्या शुक्रवारी पाठ बघायला येणार होत्या, त्या दिवसासाठी मी मुलांना घरून फोटो आणायला सांगितलं. डायरीत लिहून दिलं, स्वतःचे तीन फोटो. सगळ्यांनी आणले. बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरून येणाऱ्या मुलीने मात्र एकच आणला, आईचा, पासपोर्टच्या आकाराचा. तिने तो नीट बघून दोरीवर लावला. अगदी उजवीकडे, "पुढे"मधे.

वर्गशिक्षिका मागे बसल्या होत्या. कर्णबधिरांच्या वर्गात मोठ्यांना काहीही बोलता येतं, तोंड फिरवलं की झालं. त्या खिडकीकडे तोंड करून मला म्हणाल्या, "अगं, आई वारली तिची. मागच्या वर्षी."

तिथे थांबायला हवं होतं. पण मॅडमचं पेन चालू होतं, पाठाची दहा मिनिटं उरली होती, आणि माझ्या डोळ्यांना फक्त चुकीचं उत्तर दिसत होतं. मी फोटो काढून डावीकडे लावला. तिने तो परत उजवीकडे नेला. मी पुन्हा डावीकडे लावला, शेजारचा दात दाखवला आणि आमचा नियम सांगितला. ती बराच वेळ दाताकडे आणि फोटोकडे बघत राहिली. मग तिला कळलं. मुलाला एखादी गोष्ट कळते तेव्हा चेहरा कसा होतो, ते बघायलाच आम्ही या धंद्यात येतो. मी तो चेहरा बघितला आणि मला आनंद झाला. हे लिहायची लाज वाटते, पण झाला.

मॅडमनी वहीत अभिप्राय लिहिला, भूतकाळाची संकल्पना स्पष्ट झाली.

सोमवारी शाळा सुटताना तिचे वडील फाटकाशी माझी वाट बघत होते. मजुरीवरून थेट आलेले, शर्टाला सिमेंट लागलेलं.

"मॅडम, पोरीला तुम्ही काय शिकवलाय?" आवाजात राग नव्हता. "रोज सांजच्याला दारात बसायची, आईची वाट बघत. आता बसत नाय. जेवत पण नाय."

मी विचारलं, तिला तुम्ही काय सांगितलं होतं?

"काय सांगनार? मी रस्त्याकडं हात करायचो, येल म्हनून. आमाला तुमची हाताची भाषा येत नाय. मेली म्हंजे काय, ता हातानं कसा सांगायचा?"

मी म्हटलं, "दादा, कधीतरी खरं सांगावंच लागणार." पुस्तकातलं वाक्य होतं ते, माझ्याच तोंडातून ऐकताना कसंतरी झालं.

"मंग तुमी सांगा. कुठं गेली, कशाला गेली, ता सांगा. नायतर असा सांगा, आई येल. तुमचा ऐकल ती."

"मेली" ही खूण मला येत होती. तिच्यापुढचं काहीच येत नव्हतं. ते मला बोलूनही सांगता आलं नसतं. मुलगी दप्तर छातीशी धरून आमच्या दोघांच्या तोंडांकडे बघत होती. तिला जवळ घेतलं, तर तिने अंग आखडलं. बाप माझ्या हातांकडे बघत उभा होता. मी हाताने सांगितलं, आई येईल.

तिने माझे हात शेवटपर्यंत बघितले. मग दप्तर खाली ठेवून विचारलं, कधी?

कधी हा प्रश्न त्या वर्गात आधी कुणालाच विचारता येत नव्हता. महिनाभर खपून तो मीच शिकवला होता.