चपलांपर्यंत आलेलं साक्षगंध

माझे काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. आयुष्यभर कारंज्याच्या स्टँडवर गाड्या लावून ते निवृत्त झाले, धनजला शेतीवर परतले आणि त्यांनी एक डिजिटल कॅमेरा घेतला. घरात सगळ्यांकडे मोबाइल होते, पण काकांचं म्हणणं पक्कं होतं : "फोन बोलाले, कॅमेरा फोटोले." त्यामुळे त्यांच्या मुलीचं, म्हणजे माझ्या चुलत बहिणीचं, साक्षगंध (म्हणजे साखरपुडा) ठरलं तेव्हा फोटोग्राफर बोलवायचा प्रश्नच आला नाही. पाहुण्यांनाही त्यांनी मोबाइल खिशात ठेवायला लावले. मधात हात येतात म्हणे.

दोन दिवसांनी ते कॅमेरा रुमालात गुंडाळून कारंज्याला आमच्या घरी आले. नात्यात कॉम्प्युटर फक्त माझ्याकडे. शाळेच्या ऑफिसात मी टायपिंग करते, त्यामुळे मला त्यातलं सगळं कळतं असा सगळ्यांचा समज होता. तो मी कधी मोडला नव्हता.

"चांगले तीनशे आहेत," खुर्ची ओढत काका म्हणाले. "मुलाकडचे रोज फोन करून राह्यले. आजच टाकून दे."

मी वायर जोडली. पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली. काकांनी चष्मा लावला आणि गाडी फलाटावर लागताना बघावं तसे ते पट्टीकडे बघत राहिले. ती थबकली की "काहून थांबली?" सरकली की "येऊ दे, येऊ दे." असंच हातानं तिला पुढे बोलावताना त्यांचं मनगट वायरला लागलं आणि वायर निघून आली.

मी ती झटकन परत खोचली. आता पडद्यावर एक चौकट उघडली. कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करायचं का? इतक्या अदबीनं कुणी विचारल्यावर नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. मी 'हो' दाबलं.

"झाले का?" काकांनी विचारलं.

"झाले," मी म्हटलं, आणि आत जे काही पोचलं होतं ते उघडलं.

पहिला फोटो घराच्या फाटकाचा. मग आलेल्या प्रत्येक गाडीचा, नंबर स्वच्छ दिसेल असा, ज्या क्रमानं आल्या त्या क्रमानं. मग चपला. पोहरादेवीच्या यात्रेतून एकदा काका एका पायात स्वतःची आणि दुसऱ्यात परक्याची चप्पल घालून घरी आले होते. तेव्हापासून गर्दी म्हटली की ते आधी पायताणांची नोंद घेत. काळे बूट, सोनेरी सँडल, एका आजीबाईंच्या रबरी चपला, सगळ्या जोडीनं आणि ठळक.

"आता पाहुणे येतात," काका पुढे सरकून बसले.

मी बाण दाबला. पुन्हा फाटक आलं.

कार्ड उघडून बघितलं. कोरं. अंगठ्या, ओवाळणी, मुलीला पहिल्यांदा भरजरी साडीत बघून रडलेली काकू, सगळं मी एका बोटानं पुसलं होतं. मी रडत रडत खरं ते सांगून टाकलं. वायरीचा विषय मात्र काढला नाही.

काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "रडू नको पोरी. वायर मीच हालवली. गाडी सुटली तं सुटली, दुसरी लावू." आणि तिथूनच व्याह्यांना फोन लावला. "व्याहीबुवा, फोटो आले. हो, चांगले आले. पण चपलांपर्यंत आले. माणसं राह्यले."

पलीकडे काय ऐकू गेलं कोण जाणे, पण रविवारी मुलाकडचे आठ जण धनजला हजर झाले, त्याच कपड्यांत. मांडव उठला होता, म्हणून सोयाबीनच्या पोत्यांवर काकूची ठेवणीतली चादर टाकून फोटोंसाठी मागची बाजू केली. अंगठ्या काढल्या आणि पुन्हा घालायला घेतल्या.

"हलू नका! फ्लॅश नाही पडला." काका ओरडले. मग पडला, तर नवऱ्या मुलानं डोळे मिटलेले. मग चादर घसरली आणि पोती दिसली. मुलाची आई हसू दाबत सांगत होती, "हात सोडू नको बाबू, नाहीतर पयल्यापासून घ्या लागन." दोघं पाच मिनिटं तरी एकमेकांचा हात धरून उभे होते. खऱ्या साक्षगंधात बहिणीनं मान वर केली नव्हती. आता वर करून हसत होती, आणि सगळ्या फोटोंत तशीच आली आहे.

ते फोटो मी तीन ठिकाणी उतरवून ठेवले. काका लांब, दाराशी हात मागे बांधून उभे होते.

बहिणीनं पुढे मला सांगितलं की ती दोघं एकमेकांशी पहिल्यांदा बोलली ती तसा हात धरून उभी असतानाच. त्यानं ओठ न हलवता विचारलं होतं, "तुमचे बाबा नेहमी असेच करतात का?"

ती म्हणाली, "आज तं कमी करून राह्यले."