बेचाळिसावा बटवा

नेवासा तालुक्याच्या पूर्व टोकाला आमचं गाव. इथं ब्लाउज शिवायचा म्हटलं की बायका गोजरबाईकडे जातात. अठ्ठावन्न वर्षांची, अंगानं किरकोळ, नाकावर कायम घसरलेला चष्मा. नवरा कानिफनाथ दुधाचा टेम्पो चालवतो. मूलबाळ नाही. तिच्या शिलाईला कुणी नावं ठेवल्याचं मला आठवत नाही.

एक खोड मात्र तिला होती. कापून उरलेला तुकडा ती परत द्यायची नाही. कुणी विचारलंच, तर "कुठलं उरायला आलंय बाई, वडून ताणून बसवलंय," म्हणायची आणि तुकडा मशीनखालच्या गोणीत सारायची. त्यातलं ती काही विकत नव्हती. रंगीत कापड हातचं सोडवत नव्हतं, इतकंच.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी झाली आणि गावातली जोडपी ऊसतोडीला गेली, कुणी संगमनेरकडे, कुणी पार कर्नाटकात. लहान मुलं शाळेच्या हंगामी वसतिगृहात राहिली. ते बघणाऱ्या पंकजा मॅडम एक दिवस गोजरबाईकडे आल्या. नगरच्या एका महिला मंडळानं मुलींसाठी बेचाळीस कापडी बाहुल्या पाठवल्या होत्या.

"मावशी, बाहुल्या अगदी साध्या आहेत. प्रत्येकीच्या खांद्याला एक छोटी पर्स शिवून द्याल का? उरल्यासुरल्या कापडाची चालेल."

गोजरबाईला इतका आनंद झाला की तिनं मॅडमना चहासुद्धा विचारला नाही. ती स्वतः लहानपणी ऊसतोडीला गेलेल्या आईबापामागे कोपीवर, फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत, राहिलेली होती. उसाच्या पाल्याला चिंधी गुंडाळून बाहुली करायची, एवढंच तिला माहीत. तिनं गोणी उपसली आणि शिवायला बसली. तळहातात मावेल एवढा बटवा, वर झाकण, झाकणाला शर्टाचं बटण, खांद्याला नाडी. मुलींच्या वह्यांसाठीही तिनं जुन्या चादरीच्या पिशव्या शिवल्या. शेजारणी बघायला यायच्या, "किती गं गोड," म्हणायच्या. एवढं कौतुक तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

त्याच दिवसांत दगडाबाई तिच्याकडे आली. दगडाबाईची लेक जया तीन वर्षांपूर्वी काविळीनं गेली होती. जयाची मुलगी राजनंदिनी आजीजवळच वाढत होती. दगडाबाईनं पिशवीतून जयाच्या लग्नातला शालू काढला. जांभळा, पोपटी काठाचा. ट्रंकेत उंदरांनी कुरतडून त्याची पार दशा केली होती. धड कापड थोडंच उरलं होतं.

"नातीला परकर-पोलकं शिव," दगडाबाई म्हणाली. "बाह्यांना काठ लाव. आन् उरलं, तर बोटभर का व्हईना, मला माघारी दे. तिची तेवढीच वस्तू हाय माज्याकडं."

"देते की," गोजरबाई म्हणाली.

परकर झाला, पोलकं झालं. बाह्यांपुरता काठ नीट उरला होता. तोवर एक्केचाळीस बटवे तयार होते, सगळे ब्लाउजपीसचे, साधे. नगरच्या बाया सव्वीस जानेवारीला येणार होत्या. त्यांच्या डोळ्यांत भरेल असं काहीतरी एक असावं, असं गोजरबाईला वाटलं. काठ तिनं हातात घेतला, खाली ठेवला, परत घेतला. एवीतेवी पुण्याचंच काम आहे, आईबापापासून लांब राहिलेल्या लेकराला मिळणार आहे, असं मनाशी म्हणत तिनं कात्री चालवली. बेचाळिसावा बटवा त्या काठाचा झाला. पोलक्याच्या बाह्यांना तिनं बाजारची लेस लावली.

"काठ पुरला न्हाई," तिनं दगडाबाईला सांगितलं.

दगडाबाईनं लेसवरून हात फिरवला. "उंदरांनीच खाल्लं, तू तरी काय करशील," म्हणाली आणि पोलकं घडी करून घेऊन गेली.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर मैदानातच कार्यक्रम झाला. गोजरबाईला पाहुण्यांच्या शेजारी खुर्ची दिली होती. शाल झाली, नारळ झाला. मग मंडळाच्या अध्यक्षबाईंनी टेबलावरच्या बाहुल्यांतून नेमकी एक उचलली. पोपटी काठाचा बटवा खांद्याला अडकवलेली. माइकसमोर धरून त्या म्हणाल्या, "बघा ही कलाकुसर! इतकं सुंदर कापड कुठून आणलंत मावशी?" आणि माइक गोजरबाईच्या तोंडापुढे धरला.

समोर बायकांत दगडाबाई बसली होती. मांडीवर राजनंदिनी, अंगात तेच पोलकं.

गोजरबाईला तेव्हा गप्प बसता आलं असतं. कापड उरलेलं होतं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण तिच्या तोंडून निघालं, "माज्याच लग्नातल्या शालूचं हाय. लेकरांसाठी मोडला."

टाळ्या वाजल्या. अध्यक्षबाईंनी डोळे पुसले. टाळ्या थांबता थांबता राजनंदिनीचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "आजे, त्ये तर माज्या आईचं हाय!"

"गप," दगडाबाई म्हणाली. "तसली लई कापडं असत्यात." तिनं एकदाच गोजरबाईकडे पाहिलं. मग नातीला कडेवर घेतलं आणि माणसांतून वाट काढत निघून गेली. ती बाहुली रोहिणी नावाच्या सात वर्षांच्या मुलीला मिळाली. गोजरबाई नारळ धरून तशीच बसून राहिली. तोंडावर ओढूनताणून आणलेलं हसू तिला पुसता येईना.

घरी आल्यावर तिनं शाल खुंटीला टांगली आणि कानिफनाथला सगळं सांगून टाकलं. तो हसला. "चिंधीचं काय घिऊन बसलीस? समदेच ठिवत्यात."

"चिंधी न्हवती ती," गोजरबाई म्हणाली. "आन् मी लग्नाचा शालू म्हनले. माज्या लग्नात शालू हुता का?"

तिच्या लग्नात साधं सुती लुगडं होतं, हे त्यालाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ती वसतिगृहात गेली. बटवा मागून घ्यायचा, रोहिणीला दुसरा द्यायचा आणि हा दगडाबाईच्या हातात ठेवायचा, असं ठरवून गेली होती. रोहिणी पायरीवर बाहुलीची वेणी घालत होती. गोजरबाईला बघताच ती उठली आणि बटवा उघडून तिनं आतली कागदाची घडी दाखवली. "माज्या आईचा मोबाईल नंबर. आता हरवनार न्हाई. आजी, ह्ये तुमच्या लग्नातलं हाय ना? मी मळवनार न्हाई, बगा."

पिशवीतला दुसरा बटवा गोजरबाईनं बाहेर काढलाच नाही. पोरीच्या डोक्यावर हात ठेवायला गेली, तोही मध्येच मागे घेतला. तिथून ती तडक दगडाबाईच्या दारात गेली.

दगडाबाई ओट्यावर बाजरी पाखडत होती. 'ये' म्हणाली नाही.

"काठ मी ठिवून घेतला," गोजरबाई उभ्यानंच म्हणाली. "पुरत हुता. खोटं बोलले."

सूप चालूच राहिलं.

"मागितला असता तर तू दिला असतास—"

"न्हाई," दगडाबाईनं तिला तोडलं. सूप थांबलं. "दिला नसता. कशापायी द्यावा? माज्या मेल्या लेकीचा हुता त्यो. तू मागितला असतास, मी न्हाई म्हनले असते, आन् त्ये तुलाबी ठावं हुतं. म्हनून मागितला न्हाईस."

गोजरबाईची मान खाली गेली. ते खरंच होतं.

"मी त्या पोरीकडनं आनून देते."

"लेकराच्या हातातनं वडून? आजून किती खाली जाशील?" दगडाबाईचा आवाज पहिल्यांदा चढला. "चोरी मी गिळली असती, गोजरे. पन समद्या गावापुढं माज्या जयाचा शालू तू तुजा केलास. ज्या तोंडानं बोललीस, त्याच तोंडानं जाऊन सांग. मला नगं सांगूस, मला ठावं हाय."

गोजरबाई पंकजा मॅडमकडे गेली. मॅडम अवघडल्या. "मावशी, झालं ते झालं. मुलींना आनंद मिळाला ना? उगीच मंडळाच्या कानावर गेलं, तर पुढच्या वर्षी काही येणार नाही."

"मला बोलू द्या," गोजरबाई म्हणाली. "न्हाईतर मी पारावर जाऊन बोलीन."

शनिवारी सकाळी परिपाठानंतर ती मुलांसमोर उभी राहिली. मुलांना सोडायला आलेल्या दहाबारा बायकाही होत्या. ती फार बोलली नाही. "त्यो पोपटी काठ माज्या लग्नातला न्हाई. दगडाबाईच्या जयाचा हाय. मी त्यांना न सांगता ठिवून घेतला. बाकीच्या बटव्यांची कापडंबी तुमचीच हायेत. मी कुनाला इचारलं न्हाई." पुढे काहीतरी म्हणायचं होतं, पण ती तशीच खाली बसली.

मुलांना फारसं कळलं नाही. बायकांना सगळं कळलं. आठवडाभरात तिघीजणी शिवायला टाकलेले ब्लाउज तसेच परत घेऊन गेल्या. एकीनं तर तिच्यासमोरच टेपनं कापड मोजलं. गोजरबाईनं टेपचं दुसरं टोक धरलं.

रोहिणीनं त्या दिवशी बटवा बाहुलीच्या खांद्यावरून काढला आणि मॅडमच्या टेबलावर आणून ठेवला. "ह्यो चोरीचा हाय," म्हणाली. मॅडमनी हे गोजरबाईला सांगितलं, तेव्हा ती मशीनवरच डोकं टेकून रडली. सगळ्यांसमोर बोलतानाही तिला इतकं लाजिरवाणं वाटलं नव्हतं.

बटवा चारपाच दिवस टेबलाच्या खणात पडून होता. मग दगडाबाई वसतिगृहात गेली. गोजरबाईला हे मॅडमकडूनच कळलं. दगडाबाईनं बटवा मागून घेतला, शिवण उलटी करून पाहिली, काठावरून बोट फिरवलं. मग रोहिणीला बोलावून म्हणाली, "त्यो चोरीचा हुता. आता मी दिलाय. माज्या लेकीचं नाव जया. कुनी इचारलं, तर सांगत जा." रोहिणीनं मान डोलावली आणि कागदाची घडी परत आत ठेवली. एप्रिलात तिचे आईबाप परतले, तेव्हा बाहुली आणि बटवा त्यांच्याबरोबर गेले.

गोजरबाई अजून शिवते. गेल्या वर्षी साठ बटवे शिवले. आता कापड कापलं की उरलेले तुकडे ती ब्लाउजबरोबरच परत देते. बाहुल्यांसाठी लागतं ते मागायला दारोदार जाते. कुणी देतं, कुणी "बघू" म्हणतं, कुणी तिच्या तोंडावर जुनं काढतं. ती ऐकून घेते आणि पुढच्या दारी जाते. कार्यक्रमाला बोलावलं तरी जात नाही, बटव्यांची पिशवी मॅडमच्या दारात ठेवून येते.

दगडाबाई तिच्याशी अजून बोलत नाही. राजनंदिनीचे शाळेचे कपडे ती नेवाशाहून शिवून आणते. कापड मागत फिरताना गोजरबाई त्या गल्लीतही जाते. डावीकडची घरं घेते, उजवीकडची घेते. मधल्या एका दारापाशी मात्र पदर डोक्यावर ओढून, खाली बघत, भराभरा पुढे निघून जाते.