मामाजींना दाखवलेलं धान

इज्जत घालवायला माणसं काय काय करतात! मी युरिया टाकला. हसू नका, चहा सांडेल.

सत्तर-ऐंशीच्या मधला काळ. आम्ही वर्ध्याकडचे कापूसवाले आणि सासुरवाडी भंडाऱ्याकडची, धानाची. तिथं पंगतीत सासरे, म्हणजे आमचे मामाजी, सगळ्यांसमोर म्हणाले, "जवाईबापू, धान लावणं तुमच्या लोकायचं काम नाई!"

झालं! मी ताटावरूनच जाहीर केलं, "दिवाळीत या. माह्या वावरातलं धान दाखवतो!"

मामाजींनीच दोन वाणांचं बियाणं दिलं. एक उंच वाढणारं गावरानी, दुसरं नवीन, बुटकं. ते बुटकं मी बायकोच्या, कुमुदच्या, गळ्यात मारलं. तलावाखाली आमच्या दोन बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, होत्या. एक माझी, एक तिची.

"बाबानं सांगतलं हाये, गावरानीले युरिया हात राखून द्या," कुमुद म्हणाली.

"अवं, कापसाच्या पऱ्हाटीले देतो तं कशी वाढते! तुहे बाबा मले शिकवते काय?"

आणि दिला की हो! दर खेपेला बाबांच्या नावानं एक मूठ जास्तच.

धान काय वाढलं म्हणता! काळंशार, माझ्या छातीला लागलेलं. गाव बघायला यायचं. मी बांधावर पुढाऱ्यासारखा हात मागं बांधून उभा. शेजारी कुमुदचं धान कमरेलाही पोचेना. कुणी न विचारता मीच सांगायचो, "ते मिसेसचं हाये."

दिवाळीत मामाजी आले, सोबत दोन मेहुणे. मी छाती काढून पुढं. बांधावर पोचलो आणि बघतो तर काय! माझं धान सगळं आडवं! कुणी चटई अंथरावी तसं.

"काल वारा सुटला होता, मामाजी."

त्यांनी शेजारी पाहिलं. कुमुदचं बुटकं धान लोंब्यांनी लगडून ताठ उभं!

"वारा तुमच्याच बांधीत शिरला काय जी?"

मेहुणे खो-खो हसले. मामाजींनी खाली बसून माझी लोंबी चोळली. निम्मी पोचट.

"लय युरिया खाल्ला का गावरानी धान नुसतं वाढते, मंग पडते. बुटक्याले खत मानवते." आणि कुमुदच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "हे पाहा माह्या पोरीचं धान!" बाप-लेक दोघांचेही डोळे भरले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढं वर्षभर जेवायला कुमुदचा भात होता. माझं पीक, म्हणजे बहुतेक तणस, नुसता पेंढाच, बैलांच्या पुढ्यात गेलं.

पण बैल बघायला हवे होते तुम्ही! अख्ख्या गावात माझ्या बैलांना तोड नव्हती!