अंधारातलं जपानी

माझ्या रूममेटइतका मोठ्यानं बोलणारा आणि त्याच्याइतका ठार गप्प बसू शकणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. कऱ्हाडकडचा हा सहाफुटी गडी चेन्नईजवळ ओरगडमच्या मोटार कारखान्यात होता. तिथल्या यंत्रांच्या वर आवाज चढवायची सवय त्यानं घरीही आणली होती. त्यानं मला मीठ मागितलं, की खालच्या मजल्यावरचे लोक मीठ घेऊन वर येतील असं वाटायचं. चेन्नईत उतरल्यापासून आठवड्याभरात तो तमिळ बोलायला लागला, म्हणजे त्याला तमिळ वाटणारं काहीतरी. रिक्षावाल्याशी, चहावाल्याशी, शोळिंगनल्लूरच्या सिग्नलला शेजारी थांबलेल्या कुणाशीही. एकदा ‘शर्ट जाळू नको’ असं इस्त्रीवाल्याला बजावून आला आणि शर्ट व्यवस्थित जळून परत आला. “क्रियापद बरोबर होतं, नकार तेवढा राहिला,” असं म्हणून तो तोच शर्ट घालून कामावर गेला.

अशा या माणसाला जपानी शिकायची वेळ आली. कारखाना दोन वर्षांसाठी काहीजणांना जपानला पाठवणार होता, पण आधी क्लासमध्ये सगळ्यांसमोर जपानीत भाषण करून दाखवायचं होतं. सिरुसेरीतल्या माझ्या ऑफिसचं गिऱ्हाईकही जपानी, म्हणून शनिवारी संध्याकाळी मीही त्याच क्लासला जायचो. घरी हा फ्रिजसमोर कमरेत वाकून सुरेख जपानी बोलायचा. क्लासमध्ये मात्र नाव पुकारलं की उभा राहायचा, कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, ओठ हलायचे आणि आवाज काही यायचा नाही. पुढे पुढे तर पाळी जवळ आली की तो पाणी प्यायला जायचा आणि क्लास सुटल्यावरच उगवायचा.

“अरे, तमिळ तर बिनधास्त फाडतोस!” मी म्हटलं.

“ते वेगळं, मर्दा. रिक्षावाला हसतो आणि स्टेशनला सोडतो. इथं सगळे मान वळवून बघतात.”

एका शनिवारी नेमकी त्याची पाळी आली आणि लाईट गेली. खिडक्यांना जाड पडदे, सगळा काळोख. आणि त्या काळोखातून यंत्रांवर चढणारा तो घरचा आवाज निघाला. त्याचं गाव, त्याचं काम, सगळं न अडखळता. मध्येच लाईट आली. अर्ध्या वाक्यावर त्याचं तोंड उघडंच राहिलं. आमच्या सेन्सेई, म्हणजे जपानी शिकवणाऱ्या मैलापूरच्या बाई, शांतपणे उठल्या, त्यांनी दिवे बंद केले आणि म्हणाल्या, “हं, पुढे?”

पुढचे काही शनिवार हा असाच बोलला. बाई हळूहळू एकेक ट्यूब लावत गेल्या. त्याची नाराजी दर ट्यूबमागे चेहऱ्यावर दिसायची. शेवटी शेवटी तर सगळी दिसायला लागली.

परीक्षेच्या दिवशी लख्ख उजेड होता आणि कारखान्याचे साहेब पहिल्या बाकावर होते. आजारपणात वडील महिनाभर दवाखान्यात होते आणि घर आपण सांभाळलं, असं त्याला सांगायचं होतं. जपानीत दवाखाना ‘ब्योऊइन’ आणि ब्यूटी पार्लर ‘बियोऊइन’. त्यानं वडिलांना महिनाभर ब्यूटी पार्लरमध्ये ठेवलं. सगळा वर्ग हसला. तो थांबला. मी खाली बघितलं, कारण त्या दवाखान्यातून वडील घरी परत आले नव्हते, हे मला ठाऊक होतं. मग आपली चूक त्याच्याही लक्षात आली. आपले गलमिशावाले वडील पार्लरच्या खुर्चीत बसलेले त्याला दिसले असावेत. तो खदखदा हसला, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. डोळे पुसून जपानीतच म्हणाला, “माफ करा, दवाखान्यात. पण तिथं गेले असते तर फार बरं झालं असतं.” आणि भाषण पुरं केलं.

तो जपानला गेला. आता रविवारी फोन येतो, तोही दर रविवारी नाही. मागच्या वेळी कऱ्हाडच्या पावसाबद्दल बोलत असताना मागून कुणीतरी त्याला जेवायला हाक मारली. त्यानं फोन बाजूला न करता जपानीत उत्तर दिलं, सहज, हळू आवाजात. मग “चल, ठेवतो” म्हणाला. मला ते वाक्य सगळं समजलं होतं. ‘तुम्ही सुरू करा, मी घरी बोलतोय.’