फौजदारणीची लेखी तक्रार

शाळेच्या कुंपणाला लागूनच तिचं शिलाई मशीन होतं, आणि सगळी वस्ती तिला फौजदारीण म्हणायची. नाव उगाच पडलं नव्हतं. दूधवाला दिसला की ती आधी त्याच्या कॅनमध्ये डोकवायची, मग त्याची ख्यालीखुशाली विचारायची. चहावाला कधी हसून बोलला, तर याला आपल्याकडून काय हवं असेल याचा विचार ती दिवसभर करायची. विश्वास ठेवायचा तो फक्त आपल्या पोटच्या पोरावर, बाकी सगळे चोर, असा तिचा साधा हिशेब.

अशा बाईला शाळेच्या पालक समितीत घ्यायची दुर्बुद्धी कुणाला झाली, देव जाणे. पण घेतलं खरं. शाळेला एकच सर, आणि ते कित्येक महिने फिरकले नव्हते. शिपाई फाटक उघडायचा, मुलं आपापली खेळायची आणि घरी जायची. तिने शिक्षण खात्याच्या साहेबांचं ऑफिस गाठलं, तर साहेब म्हणाले, सर रोज हजर आहेत. शाळेच्या आवारात उभं राहून सरांच्या फोनवर बटण दाबलं तरच हजेरी लागते, आणि ती रोज लागतेय. म्हणजे पाणी इथेच कुठेतरी मुरत होतं. सरांच्या वतीने बटण दाबणारा कुणीतरी वस्तीतलाच होता.

तिला घोर होता नातीचा. नात चौथीत. संध्याकाळी पुस्तक उघडून आजीला गोष्टी वाचून दाखवायची, आणि शाळेचं तोंड न पाहिलेली आजी कौतुकाने ऐकायची. एकदा पोरीने नवीनच गोष्ट पुस्तक उलटं धरून घडाघडा वाचली. चित्रातली माणसं डोक्यावर उभी! तेव्हा म्हातारीच्या ध्यानात आलं. पोर चित्रं बघून गोष्टी रचत होती. जगाला पारखून घेणाऱ्या बाईला घरातल्या चिमुरडीने वर्षभर खुशाल गंडवलं होतं, आणि तिला साधं रागावताही येईना. ही माझ्यासारखीच अडाणी राहणार, एवढंच डोक्यात घुमत राहिलं.

मग तिने कंबर कसली. शिपायावर पाळत ठेवली. चहावाल्याकडे त्याचाच चहा पिऊन त्याच्या पोटात शिरून पाहिलं. खिचडी शिजवणाऱ्या बाईशी तर कडाक्याचं भांडण झालं. मुलगा म्हणायचा, "आई, नसती उठाठेव कशाला करतेस?" तो व्हॅन चालवायचा. शहरातल्या एका खाजगी क्लासच्या मुलांची ने-आण त्याला मिळाली होती, आणि घर त्यावर चाललं होतं. क्लास कुणाचा, हे मात्र फौजदारणीने कधी विचारलं नव्हतं.

शेवटी साहेबांचं डोकं खाऊन खाऊन तिने त्यांना शाळेत यायला लावलं. या तुम्ही, चोर तुमच्या हातात देते, असं छातीठोक सांगून आली.

त्या सकाळी ती आवारातल्या पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसली. शिपाई फाटक उघडून मागे झाडायला गेला. तेवढ्यात नात आली. दप्तरातून तिने एक खाकी पिशवी काढली, पिशवीतून फोन काढला, बटण दाबलं आणि फोन फ्रॉकला पुसून पुन्हा आत ठेवला. ती पिशवी आजीनेच शिवली होती, मुलाच्या जुन्या पँटची. व्हॅनचे कागद ठेवायला हवी, म्हणाला होता.

"काय करतेस गं?"

पोर दचकली नाही. उलट फुशारून म्हणाली, "सरांची हजेरी लावते. बाबा म्हणाले, हे काम हुशार मुलीलाच देतात."

आजीने विचारताच तिने बाकीचंही सांगितलं. बाबा व्हॅन चालवतात तो क्लास सरांचाच. फोन बाबांच्या कपाटात असतो.

फौजदारणीने तिच्या हातातून पिशवी काढून घेतली. मुलाचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. समोर साहेबांची गाडी येऊन थांबली. अजूनही म्हणता आलं असतं, चुकले साहेब, म्हातारीचा संशयी स्वभाव. व्हॅन चालू राहिली असती, चूलही.

"चोर सापडला, साहेब," ती म्हणाली. "माझा मुलगा." आणि खाकी पिशवी त्यांच्यापुढे धरली.

साहेबांनी पिशवीला हातही लावला नाही. इकडेतिकडे पाहिलं, घसा साफ केला. तोंडी सांगण्यावर खात्याला काही करता येत नाही, लेखी द्या, मग बघू, म्हणाले. बाईला लिहिता येत नाही हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तसे ते गाडीकडे वळलेही.

तिने त्यांनाच थांबवून कागद आणि पेन मागून घेतलं, आणि नातीला पायरीवर बसवलं.

"लिही बाळा. आमचे सर शाळेत येत नाहीत."

पोरीने ऐटीत पेन धरलं. वर आपलं नाव लिहिलं, वाकडंतिकडं. मग थांबली. आजीकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि मान खाली घालून शाळेचं चित्र काढायला लागली. फाटक काढलं, टाकी काढली, झाड काढलं.

फौजदारणीने तिचं चित्र पुरं होऊ दिलं. मग कागद उचलून साहेबांच्या हातात दिला.

"घ्या साहेब, लेखी तक्रार."